‘तुम्ही’ आणि ‘आपण’ : महामारीच्या साहित्यातील श्रद्धावंत समाज

१६३० साली इटलीतील मिलान शहरात प्लेगने थैमान घातले असता, संत आंतोनी यांच्या देवालयात एका सणाच्या दिवशी ऐंशीहून अधिक वयाचा एक वृद्ध गृहस्थ प्रार्थनेसाठी आला. काही वेळ गुडघे टेकून प्रार्थना केल्यावर त्याला बसावेसे वाटले, म्हणून त्याने आपल्या झग्याच्या टोकाने बाकावरची धूळ झटकली. शेजारच्या काही बायकांनी ते पाहिले आणि हा म्हातारा बाकाला विष माखतो आहे, असा एकच गलका केला. देवालयात जमलेले भाविक त्याच्यावर तुटून पडले. त्याचे पांढरे केस धरून, लाथाबुक्क्यांनी तुडवीत त्यांनी त्याला बाहेर फरफटत नेले. हे दृश्य स्वतःच्या डोळ्यांनी पाहणाऱ्या इतिहासकार रिपामोंती यांनी ते नोंदवून ठेवले, आणि सुमारे दोनशे वर्षांनी अलेस्सांद्रो मांझोनी यांनी आपल्या ‘ई प्रोमेस्सी स्पोझी’ (वाग्दत्त वधूवर) या कादंबरीत त्याला कायमचे स्थान दिले.

ही घटना भर बाजारात घडली असती, तर तिचे आम्हांस इतके नवल वाटले नसते. ती देवालयात घडली. ज्या हातांनी मारले, ते हात क्षणभरापूर्वी जोडलेले होते. महामारी आली असता ख्रिस्ती समाज काय करतो, या प्रश्नाचे एक उत्तर आम्हां सर्वांना तोंडपाठ आहे. रोममध्ये रुग्णांची सेवा करताना १५९१ साली, ऐन तारुण्यात देवाघरी गेलेले संत अलोयसियस गोंझागा आम्ही आमच्या मुलांना शिकवतो. मोलोकाई बेटावर कुष्ठरोग्यांमध्ये कुष्ठरोगी होऊन मेलेले संत डेमियन शिकवतो. ते उत्तर खरे आहे. पण ते अपुरे आहे. संतचरित्र आपल्याला वेदीवरचे दाखवते. बाकांवर काय चालले होते, हे पाहायचे असेल, तर कादंबरीकडेच वळावे लागते. म्हणून या लेखात दोन कादंबऱ्यांचा विचार करण्याचे आम्ही योजिले आहे : एक श्रद्धावान मांझोनींची आणि दुसरी, देवावर विश्वास ठेवू न शकलेल्या अल्बेर कामू यांची ‘ला पेस्त’, म्हणजे ‘प्लेग’.

मांझोनींची कादंबरी प्रथम १८२७ साली पूर्ण प्रसिद्ध झाली. लग्न ठरलेल्या रेन्झो आणि ल्युचिया या गरीब जोडप्याला एक उन्मत्त सरदार विवाहबद्ध होऊ देत नाही, एवढेच तिचे कथाबीज. पोप फ्रान्सिस यांनी २७ मे २०१५ रोजीच्या आपल्या सार्वजनिक भेटीत वाग्दत्त तरुण-तरुणींना ती वाचण्याची शिफारस केली होती, हे पुष्कळ वाचकांना आठवत असेल. पण या प्रेमकथेच्या उत्तरार्धात प्लेग शिरतो, आणि कादंबरी एका संपूर्ण शहराची, एका संपूर्ण धर्मसमाजाची कहाणी होते.

त्या कहाणीतील सर्वांत विचारप्रवर्तक प्रसंग मिरवणुकीचा आहे. मिलानचे नगरप्रतिनिधी कार्डिनल फेदेरिगो बोर्रोमेओ यांच्याकडे गेले आणि संत चार्ल्स बोर्रोमेओ यांचे पवित्र अवशेष शहरातून मिरवावेत, अशी त्यांनी विनंती केली. संत चार्ल्स हे कार्डिनलांचेच चुलतबंधू. १५७६ च्या साथीत त्यांनी केलेली सेवा लोकांच्या स्मरणात होती. कार्डिनलांनी प्रथम नकार दिला. त्यांची कारणे मांझोनी नीट मांडून दाखवतात. आपण मनाने ठरवलेल्या एखाद्या उपायावर देवाला बांधून ठेवावे, हे त्यांना रुचेना. उद्या गुण आला नाही, तर आजच्या श्रद्धेचे रूपांतर अश्रद्धेत होईल, ही त्यांना भीती होती. विष माखणारे खरोखरच कोणी असतील, तर गर्दीत त्यांना आयतीच संधी मिळेल. आणि नसतील, तर एवढी माणसे एकत्र आणणे हाच मोठा धोका आहे, असेही त्यांचे म्हणणे होते. परंतु लोकांचा आग्रह वाढत गेला, आणि अखेर कार्डिनलांनी मान तुकवली. ११ जून १६३० रोजी पहाटे मिरवणूक निघाली. कित्येकजण अनवाणी होते. अवशेषांमागून स्वतः कार्डिनल चालत होते. दुसऱ्या दिवसापासून शहराच्या सर्व भागांत आणि सर्व थरांत मृत्यूंचे प्रमाण एकाएकी वाढले.

आणि मग लोकांनी काय निष्कर्ष काढला? गर्दीमुळे रोग पसरला, असे म्हणायला फारसे कोणी धजले नाही. विष माखणाऱ्यांनी मिरवणुकीत डाव साधला, असेच बहुतेकांनी ठरवले. भिंतींवर डाग दिसेनात, तेव्हा रस्त्यावर विषारी भुकटी पेरली असावी आणि ती अनवाणी पायांना व झग्यांच्या घोळांना चिकटली असावी, असा तर्क पुढे आला. श्रद्धा चुकली नव्हती. तिच्या जोडीला बसलेला संशय चुकला होता, आणि त्या संशयाने श्रद्धेचाच पोशाख घातला होता. मांझोनींची लेखणी येथे जितकी थंड, तितकीच जळजळीत आहे. कादंबरीच्या १८४०–४२ च्या सुधारित आवृत्तीला त्यांनी ‘कलंकस्तंभाचा इतिहास’ जोडला. खिडकीतून पाहणाऱ्या दोन बायकांच्या संशयावरून आरोग्यखात्यातील ग्विल्येल्मो पियात्सा याला धरण्यात आले. छळ करून त्याच्याकडून जान जाकोमो मोरा या न्हाव्याचे नाव वदवून घेण्यात आले. आणि १ ऑगस्ट १६३० रोजी दोघांनाही हालहाल करून ठार मारण्यात आले. मोराचे घर पाडून तेथे जो स्तंभ उभारला, तो १७७८ पर्यंत उभा होता. तो काळच अज्ञानाचा होता, असे म्हणून मांझोनी न्यायाधीशांना सोडून देत नाहीत. त्यांना सत्य दिसू शकले असते. भीतीने आणि लोकक्षोभाच्या धाकाने त्यांनी ते पाहिले नाही, असा त्यांचा ठपका आहे.

परंतु मांझोनी येथेच थांबले असते, तर ते केवळ टीकाकार ठरले असते. त्याच शहरातील साठांहून अधिक धर्मग्रामगुरू, म्हणजे नवांतील सुमारे आठ, आपली माणसे न सोडता साथीत मरण पावले, हेही ते तितक्याच निःसंदिग्धपणे नोंदवतात. हजारो रुग्णांनी भरलेल्या लाझारेत्तोचा, म्हणजे साथरुग्णालयाचा, कारभार कापुचिन संन्यासी फादर फेलिचे यांनी सांभाळला. बऱ्या झालेल्यांना निरोप देताना हे फेलिचे गळ्यात दोर अडकवून, आपल्याकडून व आपल्या बांधवांकडून सेवेत काही उणे राहिले असल्यास क्षमा करावी, अशी याचना करतात. ज्यांनी सेवा केली, तेच क्षमा मागतात! हा प्रसंग वाचताना आमच्यासारख्या धर्मगुरूची मान खाली गेल्यावाचून राहत नाही.

तरीही एका मुद्द्यावर आम्ही मांझोनींशी थोडा वाद घालू इच्छितो. कादंबरीत डॉन अब्बोंदिओ नावाचा एक भित्रा धर्मगुरू आहे. खलनायक सरदार प्लेगने मेल्याचे कळताच त्याचा जीव भांड्यात पडतो, आणि प्लेग म्हणजे घाण साफ करणारा झाडूच होय, असे तो आनंदाने म्हणू लागतो. लेखक त्याला हसतो, वाचकही हसतो. पण कथानकाकडे पाहिले, तर प्लेगने नेमके तेच काम केलेले दिसते : वाटेतला काटा दूर झाला आणि लग्न लागले. म्हणजे ज्या झाडूच्या धर्मशास्त्राची लेखक थट्टा करतो, त्याच झाडूने त्याने आपल्या कथेचे अंगण झाडून घेतले आहे. हा दोष मांझोनींना जाणवला असावा, असे आम्हांस वाटते. कारण त्याच प्लेगमध्ये त्यांनी कादंबरीतील सर्वांत पवित्र व्यक्तिरेखेलाही, फादर क्रिस्तोफोरो यांनाही, मृत्यू दिला आहे. शिवाय मरणासन्न सरदारासमोर उभ्या राहिलेल्या रेन्झोला फादर क्रिस्तोफोरो कठोर शब्दांत खडसावतात आणि त्याच्याकडून क्षमा करवून घेतात. येथे प्लेग झाडू राहत नाही. तो एका माणसाला दुसऱ्या माणसाच्या खाटेपाशी आणून उभा करतो.

आता कामूंकडे वळू. १९४७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या कादंबरीत अल्जीरियातील ओरान शहर प्लेगमुळे जगापासून तोडले जाते. पहिल्या महिन्याच्या शेवटी तेथील ख्रिस्तसभा प्रार्थनासप्ताह जाहीर करते आणि प्लेगच्या रुग्णांचे आश्रयदाते संत रॉक यांच्या मध्यस्थीने अर्पण केलेल्या मिस्साने त्याची सांगता होते. फादर पानलू हे विद्वान येशूसंघीय धर्मगुरू प्रवचन देतात. त्या प्रवचनाचे सार असे की, हे संकट तुम्ही ओढवून घेतले आहे. आता गुडघे टेका. इजिप्तच्या फारोचा दाखला ते देतात. भाषा भारदस्त, रचना निर्दोष. नंतर डॉक्टर रिये एवढेच म्हणतात की, पानलू विद्वान आहेत. त्यांनी माणसांना पुरेसे मरताना पाहिलेले नाही. खेड्यातल्या ज्या साध्या धर्मगुरूने मरणाऱ्याचा श्वास ऐकलेला असतो, तो दुःखाची थोरवी सांगण्यापूर्वी दुःखावर इलाज करील.

पानलू पुढे स्वयंसेवकांच्या पथकात सामील होतात, ही गोष्ट त्यांच्या निंदकांनी विसरू नये. एका निष्पाप बालकाचा दीर्घ, असह्य मृत्यू ते डॉक्टरांसोबत पाहतात. त्यानंतर ते दुसरे प्रवचन देतात. या प्रवचनाविषयी कामू एक बारीकशी नोंद करतात, आणि आमच्या मते साऱ्या कादंबरीचे मर्म त्या नोंदीत आहे. पानलू आता ‘तुम्ही’ म्हणत नाहीत. ते प्रथम पुरुषी अनेकवचन वापरतात.

फ्रेंच भाषेत त्या सर्वनामाला एकच शब्द आहे. मराठी भाषांतरकाराला मात्र येथे थांबावे लागेल. कारण आपल्या भाषेत त्याला दोन शब्द आहेत. ‘आम्ही’ म्हटले, की ऐकणारा बाहेर राहतो. ‘आपण’ म्हटले, की तो आत येतो. ‘आम्ही पापी आहोत’ आणि ‘आपण पापी आहोत’ या वाक्यांत केवढे अंतर आहे! पानलूंच्या दुसऱ्या प्रवचनाला ‘आपण’ हाच शब्द हवा. आपल्या पूर्वजांनी भाषेत जपलेला हा भेद प्रवचनपीठावर उभ्या राहणाऱ्या प्रत्येकाने रोज आठवावा, असा आहे.

तथापि कामूंनी पानलूंचा जो शेवट रंगवला आहे, तो आम्हांस पटत नाही. पानलू आजारी पडल्यावर डॉक्टरला बोलावू देत नाहीत. हातात क्रूस धरून ते मरतात, आणि त्यांच्या नावापुढे रोगाविषयी संशयास्पद अशी नोंद होते. धर्मगुरूला डॉक्टरचा सल्ला घेता येईल काय, हा प्रश्न त्यांना पडलेला असतो. कॅथोलिक परंपरेत हा प्रश्न मुळात उद्‌भवू नये. बेन सिराखच्या पुस्तकाचा अडतिसावा अध्याय वैद्याचा मान राखायला शिकवतो आणि औषध ही परमेश्वराचीच देणगी मानतो. संत लूक यांना आपण वैद्य म्हणूनच ओळखतो. श्रद्धा म्हणजे सर्व काही किंवा काहीच नाही, अशा कड्यावर कामूंनी पानलूंना नेऊन उभे केले. कारण कामूंच्या ओरानमध्ये प्रवचने आहेत, पण ख्रिस्ती कुटुंबे नाहीत. बाकांवर बसलेल्यांना तेथे नावे नाहीत. कोणी आपल्या आजीसाठी जपमाळ करीत नाही, कोणी शेजाऱ्याच्या दारात पेज ठेवत नाही. या बाबतीत मांझोनी श्रेष्ठ ठरतात. त्यांच्या लाझारेत्तोत रोगातून उठलेली ल्युचिया शेजारच्या खाटेवरच्या एका विधवेची शुश्रूषा करते. ती उपदेश करीत नाही. ती तेथे असते.

या दोन्ही ग्रंथांच्या कितीतरी आधी, इ. स. २५२ च्या सुमारास, कार्थेजचे बिशप संत सिप्रियन यांनी साथीने हादरलेल्या आपल्या समाजासाठी ‘मर्त्यतेविषयी’ हा ग्रंथ लिहिला. श्रद्धावंतांनाही हा रोग का होतो, असे तेव्हाचे ख्रिस्ती लोक विचारत होते. देह सर्वांचा सारखाच आहे, जोवर आपण या जगात आहोत तोवर त्याचे भोगही सारखेच, असा त्यांच्या उत्तराचा आशय आहे. त्यांचे चरित्रकार पोन्तियस सांगतात की, केवळ आपल्याच माणसांची सेवा करण्यात विशेष ते काय, असे म्हणून त्यांनी छळ करणाऱ्यांचीही सेवा करण्यास आपल्या लोकांना प्रवृत्त केले. ‘आपण’ या शब्दाचा परीघ किती मोठा असू शकतो, हे त्यांनी त्या काळी दाखवून दिले होते.

आता थोडे स्वतःविषयी सांगणे आम्हांस प्राप्त आहे. एरवी ही समीक्षा दुसऱ्याच्या बाकावरची धूळ झटकण्यासारखी होईल. कामूंची कादंबरी आम्ही सेमिनरीत तत्त्वज्ञानाच्या वर्गात असताना इंग्रजी अनुवादातून वाचली होती, आणि पानलूंच्या पहिल्या प्रवचनाला तरुणपणाच्या तोऱ्यात हसलो होतो. ५ एप्रिल २०२० रोजी, झावळ्यांच्या रविवारी, रिकाम्या देवालयात एका मोबाईलसमोर उभे राहून आम्ही प्रवचन दिले. पुढे कधीतरी ते ध्वनिचित्रमुद्रण आमच्याच कानांनी ऐकले. तुम्ही देवाला विसरलात, तुम्ही चैनीच्या मागे लागलात, तुम्ही रविवार पाळला नाहीत! आम्ही फादर पानलूच झालो होतो. फक्त त्यांच्याएवढी विद्वत्ता आमच्याजवळ नव्हती.

धर्मग्रामातील काही मंडळी मे महिन्यात आली आणि पवित्र मातेची मूर्ती गल्लोगल्ली मिरवावी, असे म्हणाली. आम्ही नकार दिला. तो नकार योग्य होता. पण तो कार्डिनल बोर्रोमेओ यांच्या विवेकातून आलेला नव्हता. सरकारी मनाई होती, आणि तिच्याआड लपणे सोपे होते. आदेश नसता, तर आम्हीही त्यांच्याप्रमाणेच मान तुकवली असती काय? या प्रश्नाचे उत्तर आम्ही आजही छातीठोकपणे देऊ शकत नाही.

त्याहून मोठी गोष्ट पुढची आहे. आमच्या धर्मग्रामातील एक मुलगी शहरातील रुग्णालयात परिचारिका होती. ती रात्रपाळी करून घरी येते म्हणून आळीतल्या लोकांनी तक्रार केली. ‘फादर, तिला तिकडेच राहायला सांगा,’ असा निरोप आला, आणि आम्ही तसे तिला फोनवरून सांगितले. तिने वाद घातला नाही. ‘बरं, फादर,’ एवढेच ती म्हणाली. कित्येक महिने ती घरी आली नाही. १६ नोव्हेंबर २०२० पासून महाराष्ट्रातील प्रार्थनास्थळे उघडली, तेव्हा एका रविवारी ती मिस्साला आली आणि शेवटच्या बाकावर एकटीच बसली. त्या बाकावर दुसरे कोणी बसले नाही. मिस्सा संपल्यावर तिने पिशवीतून बाटली व फडके काढले आणि आपण बसलो ती जागा, नंतर येणाऱ्यासाठी, नीट पुसून ठेवली. त्या रात्री आम्ही मांझोनींची कादंबरी कपाटातून पुन्हा काढली. तिला कोणी मारले नाही, हे खरे. पण संत आंतोनींच्या देवालयातील भाविक आणि आम्ही यांच्यातील अंतर आम्ही समजत होतो तेवढे नव्हते.

आम्ही तिच्या घरी जाऊन क्षमा मागितली. तिच्या आईने चहा दिला. त्याविषयी अधिक लिहिण्याचा आम्हांस अधिकार नाही.

मुंबईत सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात प्लेगचे निदान प्रथम करणारे डॉक्टर अकासिओ व्हिएगस हे गोव्याचे कॅथोलिक होते. त्यांचा पुतळा धोबीतलावजवळ उभा आहे. त्याच प्लेगच्या वर्षांत मुंबईतील ख्रिस्ती गावठाणांत ठिकठिकाणी क्रूस उभारले गेले. आजही त्यांच्यापुढे दिवा लागतो, जपमाळ म्हटली जाते. आम्हांस हे दोन्ही वारसे एकाच घरातले वाटतात : रोगाला त्याच्या खऱ्या नावाने ओळखणारा डॉक्टर, आणि क्रूसापुढे गुडघे टेकणारी आळी. पानलूंना जो तिढा सुटला नाही, तो आपल्या आजोबा-पणजोबांनी न बोलता सोडवला होता. परंतु त्या दगडी क्रूसांवर कोणी कोणाला पेज नेऊन दिली आणि कोणी कोणाच्या तोंडावर दार लावले, हे कोरलेले नाही. तसे लेखन त्या पिढीकडून आमच्या वाचनात आलेले नाही, ही आमची हळहळ आहे.

२०२० आणि २०२१ या वर्षांविषयी स्मरणिकांत आणि अहवालांत जे छापून आले आहे, त्यातील बरेचसे आम्ही वाचले. किती कुटुंबांना शिधा वाटला, किती मिस्सा प्रक्षेपित केल्या, याची मोजदाद त्यात आहे. ती असावी, पण तेवढ्याने साहित्य होत नाही. मांझोनींनी सेवा करून मेलेले धर्मग्रामगुरू आणि मार खाल्लेला म्हातारा या दोघांनाही एकाच ग्रंथात जागा दिली. एकाला ठेवून दुसऱ्याला वगळले असते, तर तो ग्रंथ एकतर पत्रक झाला असता किंवा आरोपपत्र. आमच्या धर्मग्रामाच्या मृत्यूनोंदवहीत २०२१ सालची पाने इतर वर्षांपेक्षा दाट भरली आहेत. त्यात नाव आहे, वय आहे, दफनाची तारीख आहे. स्मशानभूमीच्या फाटकाबाहेर थांबवलेली बहीण त्यात नाही. स्वतः आजारी असताना शेजाऱ्याला सिलिंडर मिळवून देणारा रिक्षावाला त्यात नाही.

या त्रैमासिकाच्या वाचकांना आमची म्हणूनच विनंती आहे. ज्यांच्या घरी त्या दिवसांची आठवण आहे, त्यांनी ती लिहावी. आपल्या बाजूची तेवढीच नव्हे, सगळी लिहावी. धर्मगुरूंचे चुकले असेल, तर तेही लिहावे. हा लेख आम्ही लेखकाच्या रीतीप्रमाणे ‘आम्ही’ म्हणत लिहिला. त्या शब्दात वाचक नसतो, हे वर म्हटलेच आहे. पुढची साथ केव्हा येईल, हे देव जाणे. पण ती येईल तेव्हा प्रवचनपीठावर आणि बाकांवर, दोन्हीकडे, कोणते सर्वनाम वापरायचे, एवढे तरी आपण आज ठरवून ठेवू.